एकविसावा डबा

"सर, हे यंत्र बिघडलंय. दुसरं कधी येणार?"

बोरकुटे सर प्रयोगशाळेच्या पायरीवर उन्हात बसून वाटाणे सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कशावरून बिघडलं?"

श्रीरंगच्या कपाळावर आठ्या चढल्या. आठ महिने हा माणूस प्रश्नाला प्रश्नच देत आला होता. वीज केंद्राच्या राखेच्या तळ्याला लागून नांदखेडा गाव. तिथल्या वीस शेतांची माती श्रीरंगनं स्वतः खणून आणली, वाळवली, चाळली, पांढऱ्या डब्यांत भरून महिनाभर बंद ठेवली. त्या मातीत किरणोत्सार किती, एवढंच मोजायचं होतं. एकविसावा डबा त्याच्या कोकणातल्या घराच्या परसातला. स्वच्छ माती कशी असते ते दाखवायला.

"एकविसाव्यावरून. आमच्या परसाचा आकडा वीसपैकी चौदा शेतांच्या वर येतोय! तीनदा मोजला मी. तीनदा तेच."

"मग यंत्र भलतंच इमानदार आहे."

श्रीरंगच्या मस्तकात सणक गेली. थट्टा करायची वेळ होती ही? पहिल्याच दिवशी त्यानं चावडीवर सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, की राखेनं तुमची जमीन नासवली. ते बोलणं तालुक्याच्या बाजारात पोचायला एक दिवसही लागला नाही. ज्यांच्या शेतात त्यानं पहिला खड्डा खणला, त्या सावित्राबाई चापलेंचा काल पुन्हा फोन आला होता.

"तुमी नासली म्हनले, तवापासून माहे वांगे कोनी घेऊन नाई राह्यलं जी. खरं काय ते कागदावर लिहून द्या ना एकडाव."

कागद तयार होता. चार दिवसांनी ग्रामसभेत वाचायचा होता. नेमका हा घरचाच डबा आडवा आला.

"आमच्या मातीतला किरणोत्सार नैसर्गिक आहे, सर. तांबड्या मातीत तो मुळातच जास्त असू शकतो."

"आणि सावित्राबाईंच्या मातीतला?"

"तो राखेचा."

"असं मातीनं सांगितलं?"

"...अहो सर, शेजारी राखेचं तळं आहे!"

"आहे ना. राखेचा असेलही. मी कुठं नाही म्हणतोय?"

सरांनी आणखी एक शेंग सोलली. दाणे वाटीत टाकले.

"तुझा डबा तीनदा मोजलास. बाकीचे वीस किती वेळा?"

श्रीरंग वाटीतल्या दाण्यांकडे बघू लागला.

"किती?"

"...एकेकदा."

"काहून?"

उत्तर त्याला माहीत होतं. त्या वीस आकड्यांवर तो खूश होता. पुन्हा कशाला मोजायचे?

"डबे आण."

त्यानं आणले. तीन खेपांत, आदळआपट करत. वीस डब्यांवर लाल चिठ्ठ्या होत्या, एकावर हिरवी. माती भरली त्याच दिवशी लावलेल्या.

सर डबे आत घेऊन गेले आणि दार लावून घेतलं. श्रीरंग पायरीवर चडफडत बसला.

...

दार उघडलं. टेबलावर एकवीस पांढरे डबे ओळीनं मांडलेले होते. लाल नाही, हिरवं नाही. झाकणांवर नुसते नंबर, एक ते एकवीस. कुठला नंबर कुठल्या मातीचा, ते लिहिलेला कागद सरांनी घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.

"हे काय केलंत सर! पुन्हा सगळे मोजायचे? पंधरा दिवस जातील!"

"जातील."

"ग्रामसभेचं काय? आणि त्या बाईंना मी काय सांगू?"

"मोजायच्या आधीच बोलून बसलो, असं सांग. आजच सांग. बाजारातही सांग."

श्रीरंगचा चेहरा उतरला. मग पुन्हा संताप उसळला. त्यानं एक डबा उचलला, ठेवला, दुसरा उचलला.

"अहो पण यातला माझा कुठला, हे मला कळणार कसं?"

"नाही ना कळत?"

"नाही!"

सरांनी वाटाण्याची वाटी उचलली.

"मग आता मोज."