रिकामा रथ

एका राज्यात, जिथे तुतीच्या बागा थेट पूर्वसमुद्राला भिडत, वाकण्याला मोठा मान होता. लेकाने बापापुढे वाकावे, धाकट्याने थोरल्यापुढे, बायकोने नवऱ्यापुढे, अमात्याने राजापुढे. मित्राने मात्र मित्रापुढे वाकू नये, शेजारी बसावे. ही पाच नाती एका वृद्ध गुरूने पूर्वी घालून दिली होती. मनात माया असेल तर ती अंगातून दिसू द्या, असे तो म्हणाला होता. पुढे शिष्यांच्या शिष्यांनी अंगाचे नियम लिहिले. किती वाकावे, किती वेळ वाकावे, सगळे लिहिले. मायेचे तेवढे राहून गेले.

तिथे आणखी एक रीत होती. कुणाघरी मृत्यू झाला की राजाने पडदे सोडलेला रथ पाठवायचा. आत कुणी नसे. रथ दारात उभा राहिला म्हणजे राजाच आला, असे धरून चालायचे. राजा प्रसेनाची कन्या सुवेणी विधवा झाली तेव्हा तिच्याही दारात बापाचा असाच रथ आला होता. तिने पडदा उचलून आत पाहिले होते. मग त्याच रथात बसून ती माहेरी आली, आणि पांढऱ्या जाड्याभरड्या शोकवस्त्रात राहू लागली.

प्रसेनाचा एक बालमित्र होता, धूम्रकेश नावाचा मायावी. दोघे एका गुरूकडे, एका वाडग्यातली पेज खाऊन शिकलेले. धूम्रकेशाची बायको वारली. निरोप आला तसा राजा सिंहासनावरून उठला, पण विधिमंत्री शीलभद्र आडवा आला.

"महाराज, मायावी ही मानाची तिसरी पायरी. त्यातून पत्नीशोक. त्यास रथ जातो, राजा जात नाही."

राजा परत बसला. रथ गेला.

सारथी परतला तो पायी. दरबारात उभा राहून म्हणाला, "मायावी म्हणाला, तुमचा रिकामा मान तुम्हांलाच लखलाभ. आता जो वाकेल तो वाकलेलाच राहील." एवढे सांगून सवयीने तो राजापुढे वाकला, आणि तसाच राहिला.

याउपर शहाण्याने काय करावे? वाकू नये. पण त्या राज्यात शहाणपणापेक्षा वळण मोठे. सारथ्याला वाकलेला पाहून वैद्य आला आणि आधी राजापुढे वाकला. प्रधान आला, वाकला. बातमी घराघरांत गेली. सांगणारे वाकून सांगत, ऐकणारे वाकून ऐकत. तिसऱ्या दिवशी राजा पितरांच्या देव्हाऱ्यापुढे गेला, आणि सुवेणी 'तात, नको' म्हणेपर्यंत वाकला. आता सारे राज्य एकमेकांच्या पायांकडे पाहत चालू लागले. शोकातली स्त्री कुणापुढे वाकत नाही, म्हणून सुवेणी तेवढी ताठ उरली.

म्हाताऱ्या राजाची छाती गुडघ्यांशी दाबली गेली. श्वास घेता येईना. वैद्य जमिनीकडे पाहत म्हणाला, "अमावास्येपुढे निभाव नाही."

सुवेणी निघाली. वेशीवर शीलभद्र खेकड्यासारखा तिरका धावत आला.

"देवी, शोकवस्त्रात वेस ओलांडू नये."

"मग कोण जाईल? तू?"

"मी विचार करतो आहे."

"कर. रस्त्याकडे पाहत कर, आता तेवढेच दिसते तुला."

धुक्याचा डोंगर चढून ती धूम्रकेशाच्या अंगणात पोचली. मायावी ओसरीवर बसला होता. दाढी विंचरलेली नव्हती, चूल विझलेली होती.

"धूम्रकाका, माझे तात मरताहेत. शाप उचला."

"पोरी, तीन कामे कर. पहिले, त्या साळुंकीला गप्प कर."

कोनाड्यात साळुंकी बसली होती. सारथ्याने दारात वाचलेला राजाचा निरोप तिने पाठ केला होता आणि त्या दिवसापासून ती तोच बोलत होती. "महाराजांना अतीव दुःख झाले आहे. महाराजांना अतीव दुःख झाले आहे."

सुवेणीने तिला दाणे घातले. साळुंकीने दाणे खाल्ले आणि पुन्हा तेच म्हटले. सुवेणीने तिच्यावर टोपली पालथी घातली. टोपलीतून तेच ऐकू आले. सूर्य मावळतीला आला तसा सुवेणीचा संयम सुटला.

"अतीव म्हणजे किती गं? रात्री जेवले का ते? झोप लागली का? सांग ना!"

साळुंकीने चोच उघडली. मिटली. निरोपात पुढचे काही नव्हते. ती पुन्हा बोलली नाही.

"दुसरे," धूम्रकेश म्हणाला, "तुझ्या बापाचा रथ माझ्या दारातून काढ."

रथ दारात रुतला होता. घोड्यांचे दगड झाले होते. सुवेणीने जू खांद्यावर घेऊन ओढले, मागून रेटले, चाकांखालची माती उकरली. तो डोंगरासारखा जड होता. तळहात सोलून निघाले तेव्हा ती रथाला, रीतीला आणि शीलभद्राच्या सात पिढ्यांना मनसोक्त बोलली, आणि पाय दुखले म्हणून पडदा बाजूला सारून आत जाऊन बसली.

रथ हलला. घोड्यांनी शेपट्या झाडल्या आणि तो पिसासारखा पुढे सरकला.

"रिकामा होता म्हणून जड होता," धूम्रकेश म्हणाला. "आता तिसरे. माझे सांत्वन कर."

सुवेणीला सांत्वनाची सगळी वाक्ये पाठ होती. बायको वारली तर कोणते, थोरला वारला तर कोणते, पावसाळ्यात कोणते. तिने एक उचलले, टाकले. दुसरे उचलले.

"मला नाही येत," ती शेवटी म्हणाली. "माझा माणूस गेला तेव्हा ही सगळी वाक्ये मला सांगून झाली. एकही कामाला आले नाही. मी तुम्हांला तीच कशी देऊ?"

सुवेणी रथातून उतरली आणि त्याच्या शेजारी ओसरीवर बसली. शोकवस्त्रातल्या स्त्रीने असे बसू नये.

"काका, काकू कशा होत्या?"



"सोंगट्यांत लबाडी करायची," मायावी म्हणाला. "धडधडीत. मी पाण्याला गेलो की माझी सोंगटी मागे सरकवायची. मी मायावी! मला कळत नसेल? आणि वर म्हणायची, तुमची विद्या कच्ची." तो हसला, आणि मग त्याने धोतराचा सोगा डोळ्यांना लावला. "इथे इतके जण आले पोरी. हे कुणी विचारले नाही."

रडता रडताच त्याने हात उचलला. तिकडे राज्यात कडकड आवाज झाला आणि सारे लोक एकदम ताठ झाले. कित्येकांनी आपल्या शेजाऱ्याचे तोंड फार दिवसांनी पाहिले.

सुवेणी घरी पोचली तेव्हा राजा उशीला टेकून पोटभर श्वास घेत होता. शीलभद्र हात जोडून पुढे झाला.

"महाराज, शापमुक्तीच्या कृतज्ञतेस एक रथ जातो. पडदे सोडून..."

"शीलभद्रा," राजा म्हणाला, "आत बस."

"मी?"

"तू, मी आणि सुवेणी. आणि ते पडदे काढ."

रथ तुतीच्या बागांमधून निघाला. शीलभद्र कोपऱ्यात अंग चोरून बसला. तिघांनी बसण्याची रीत कुठे लिहिलेली नव्हती. राजा बाहेर पाहत राहिला. डोंगर दिसू लागला तेव्हा त्याने घसा खाकरला.

"सुवेणी, जावईबापूंना मासा फार आवडायचा, नाही?"

"नाही तात. वासही सहन व्हायचा नाही. तुम्ही दर सणाला पाठवायचात आणि मी मांजराला घालायचे."

"असं?" राजाने तिच्याकडे वळून नीट पाहिले. "मग काय आवडायचं त्यांना?"

सुवेणी सांगू लागली. रथ धूम्रकेशाच्या दारात उभा राहिला, घोडे घामेजून निवले, मायावी ओसरीवर येऊन वाट पाहत थांबला, तरी तिचे सांगणे संपले नव्हते.

त्या राज्यात लोक अजून वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. शोकाच्या घरी रथही जातो. पण तो आला की घरचे लोक आधी आत डोकावतात, आणि आत कुणीतरी असते.