बेडूकआबांचा सत्कार

जनावरं अजून सभा भरवत होती, तेव्हाची गोष्ट. एका तळघरात भिंतीतून पाणी झिरपत होतं. चिचुंद्रीची चार पिल्लं पोत्यावर होती आणि पाणी पोत्याला टेकलं होतं.

पाणी जायला कोपऱ्यात एकच भोक होतं. त्यात बेडूकआबा गच्च बसले होते. सात वर्षं ती अध्यक्षांची जागा होती.

"आबा, जरा उठता का? पिल्लं बुडतील," चिचुंद्री म्हणाली.

"काल जन्मलेल्यांनी आम्हाला पाणी शिकवू नये. आपण समिती नेमू," आबा म्हणाले. म्हाताऱ्या झुरळांनी माना डोलावल्या. ती छताला चिकटलेली, त्यांचं काय जातंय!

चिचुंद्रीनं वाद सोडला आणि ती ओरडली, "आज आबांचा सत्कार! शाल उभं राहूनच घ्यायची बरं का!"

आबा टुणकन उठले. पाणी खळखळत भोकातून वाहून जाऊ लागलं. चिचुंद्रीनं त्यांच्या पाठीवर ओलं फडकं टाकलं.

"माझ्या मार्गदर्शनाखाली हे पाणी..." आबांनी भाषण ठोकलं आणि बोलता बोलता ते मागं सरकून बसायला लागले.

"बसता काय आबा?" चिचुंद्री म्हणाली. "अजून बारा झुरळं तुमच्या गौरवावर बोलायची आहेत."

आबा उभे राहिले.