भुईचाफ्याची जागा

सन एकोणीसशे सदुसष्ट. वैशाख. अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण होऊन चार दिवस झाले होते.

"तिला जागा दाखवलीत. मला का नाही?"

बाजीलालने हे विचारलं तेव्हा दुलाबाबा अंगणात बेहडे फोडत बसले होते. गाविलगडच्या डोंगरातले ते जुने वैद्य. मोडलेलं हाड, सुजलेला पाय, पिकलेली जखम, सगळं त्यांच्याकडे यायचं.

बाबांनी मान वर केली नाही.

"कसली जागा?"

"भुईचाफ्याची."

भुईचाफा दाट सावलीत येतो. वैशाखात पाचोळ्यातून नुसतं फूल वर निघतं, पांढरं-जांभळं, जमिनीला चिकटलेलं. पानाचा पत्ता नसतो. पान येतं आषाढात, तोवर लोक फूल विसरलेले असतात. बाबांच्या सुजेवरच्या खऱ्या लेपाला त्याचाच कंद लागे, पण बाजीलालने तो रानात कधी पाहिला नव्हता.

बाजीलाल नऊ वर्षं बाबांच्या मागे रान तुडवत होता. बुधाय आली ती मागच्या होळीला. नवरा मेलेली, परगावची बाई. तरी बाबा तिला जवळ बसवत. ती काही बोलली की हसत. नऊ वर्षांत बाजीलालला बाबांचे दात दिसले नव्हते.

अखाजीच्या दुसऱ्या दिवशी ती दोघं नाल्यापलीकडच्या बांबूत शिरताना त्याने पाहिली. बाबा वाकून जमीन बघत होते. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. बाजीलालला त्या सगळ्यात तो हातच दिसला.

बाबा थकले होते. औषधांची झोळी आता कुणाच्या खांद्यावर जाणार, हे गाव विचारत होतं. होळीपर्यंत एकच नाव निघायचं, बाजीलालचं.

"पुढं बोल," बाबा म्हणाले.

"मलाही सापडली ती जागा." बाजीलालने पंचा सोडला. मातीसकट अकरा कंद अंगणात पडले. "आज सकाळी काढले. एक मागे ठेवला नाही. आता बघा कोण शिकलंय ते."

बाबांच्या हातातला दगड थांबला.

त्यांनी एक कंद उचलला. मोडला. आत पाणी आणि चोथा.

"केव्हा काढतात?"

बाजीलालने पहिल्याच वर्षी शिकलेली गोष्ट होती ती. फूल कंदाचा जीव खाऊन वर येतं. वैशाखातला कंद म्हणजे रिकामं गाडगं. हे त्याने स्वतः दहा जणांना ऐकवलं होतं.

"दिवाळीनंतर. पान सुकल्यावर. पण तुम्ही तिला दाखवलीत, बाबा."

"मी नाही दाखवली."

"डोळ्यांनी पाहिलं मी."

"सरकारी कुपात लाकडाची तोड झाली, सावली गेली. त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून या रानात मला भुईचाफा दिसला नव्हता. रानहळदीवर भागवत होतो." बाबा थांबले. "तिनं मला दाखवली."

बाजीलालने अंगणातल्या कंदांकडे पाहिलं. मग पाहवेना.

बाबा उठले. खुंटीवरची झोळी काढली. आतली औषधं बाजेवर ओतली. अकरा कंद गोळा केले, मोडलेल्याचे दोन्ही तुकडेसुद्धा, आणि झोळीत भरले. झोळी बाजीलालच्या खांद्यावर घातली.

"हवी होती ना? घे."

त्या डोंगरात एक नेम होता. अवेळी काढलेला कंद काढणाऱ्यानेच परत लावायचा, आणि ज्याला ती जागा आधी दिसली त्याच्या सांगण्याने लावायचा. पान दिसेपर्यंत त्याने कुणाला औषध द्यायचं नाही. रानाचं देणं असंच फिटतं.

बाजीलाल झोळी घेऊन गेला तेव्हा बुधाय दारात मोहाची फुलं वाळत घालत होती. तिने झोळीत डोकावून पाहिलं.

"नऊ वर्षं शिकलास, भाऊ, आणि वैशाखात खणलंस? बकरीसुद्धा पान यायची वाट बघते."

बांबूत ती उभी राहिली, तो खणत राहिला.

"कोंबाचा डोळा वर ठेव. उलटा पुरलास तर पाताळात फुलेल."

मोडलेल्या कंदाला डोळा एकाच तुकड्यावर होता. तिने दोन्ही तुकडे एका खड्ड्यात लावायला लावले.

जेठभर तो नाल्याच्या डोहातून घागर भरून नेई. वर पाचोळा पसरी. दुखणेकरी दाराशी आले की त्याला एकच सांगावं लागे, बुधायकडे जा. लोक तिच्या ओट्यावर बसू लागले. तिचं नाव पलीकडच्या गावात गेलं. तरी बाजीलाल सकाळी घागर उचले.

आषाढात पानं वर आली.

रिकामी झोळी त्याने धुतली आणि बुधायच्या दाराला अडकवली. तसं करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग तो बाबांकडे गेला.

"बाबा, फिटलं. अकराही आले."

"तिनं पाहिले?"

"तिनंच आधी पाहिले."

बाबांनी बेहडा दगडावर ठेवला.

"मग मला कशाला सांगतोस?"