मागून आणलेला विस्तव

एका राज्यात हिवाळा एकदा आला की जायचे नाव घेत नसे. तिथला राजा शूरभान मोठा धोरणी. थंडी पडण्याआधीच त्याने रानातले सारे जळण राजवाड्याच्या वखारीत भरले आणि दाराला मंतरलेले कुलूप ठोकले. प्रजेने काय जाळावे, ते काही त्याने सांगितले नाही. राजाच तो, त्याला विचारणार कोण!

एके सकाळी एक जोगीण हातात खापर घेऊन दाराशी आली. "राजा, माझी धुनी विझली. थोडा विस्तव दे."

आता विस्तव मागायला आलेल्याला कुणी विन्मुख धाडत नाही, वैऱ्यालासुद्धा नाही. पण राजा म्हणाला, "आज तुला दिला, तर उद्या सारे नगर दारात उभे राहील. चालती हो."

"बरे तर. तुझ्या घरी जाळ दिसेल, पण ऊब लागणार नाही," एवढे बोलून जोगीण गेली.

त्या दिवसापासून राजवाड्यात चुली पेटत, शेगड्या लालभडक होत, पण धग म्हणून लागेना. निखारा तळहातावर घ्यावा, तर गारगोटीसारखा गार! राजाने अंगावर आणखी एक शाल ओढली आणि दिवस ढकलले.

पुढे राणी मृगावती बाळंत झाली. बाजेखाली शेगडी ठेवली, पण आई-लेकराला शेक मिळेना. बाळाची पावले निळी पडू लागली. राजाने ती ओंजळीत धरून पाहिली आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले.

"महाराज, काहीतरी करा!" राणी रडू लागली. "माझे लेकरू गारठून चालले!"

पिंजऱ्यातली साळुंकी म्हणाली, "जिला हाकललेत, तिचे पाय धरा."

त्या राज्यात साळुंक्या स्पष्टच बोलत. राजा मुकाट्याने जोगिणीकडे गेला.

"वाऱ्याच्या राक्षसाची फुंकणी आण, विजेच्या झाडाचे लाकूड आण," जोगीण म्हणाली, "आणि विस्तव आण. तो कुणाच्याही घरचा चालेल, पण मागून आणायचा. हुकूम करून नव्हे."

"शेवटचे तर सोपेच आहे," राजा म्हणाला.

वाऱ्याचा राक्षस फुंकणी उशाला घेऊन घोरत होता. राजाने त्याच्या डोक्याखाली धोंडा सरकवला आणि फुंकणी काढून घेतली. विजेच्या झाडाला एक सर्प विळखा घालून बसला होता, तोही थंडीने कुडकुडत. राजाने त्याला आपली शाल पांघरली, त्याने राजाला एक फांदी मोडू दिली.

उरला विस्तव. राजा नगरात शिरला आणि पहिले दार दिसले तिथे उभा राहिला. अंगावर शाल नाही, डोक्यावर मुकुट नाही. त्याला कोण ओळखणार?

"विस्तव कुठला, बाबा?" घरधनी म्हणाला. "लाकडे सगळी राजाने नेली."

"आमच्याकडे काल पाट जाळला," पुढच्या दारात एक बाई म्हणाली. "आज जाळायला पाटही नाही."

आता आली पंचाईत! सारे नगर थंडगार, आणि ते कुणी केले, हे राजाला कुणी वेगळे सांगायला नको होते.

वेशीजवळच्या झोपडीत म्हातारी धोंडाई राहत होती. चुलीजवळ तिची तान्ही नात गोधडीत गुंडाळलेली. धोंडाईने राख बाजूला सारली. खाली एकच निखारा होता. तिने तो चिमट्याने फोडला आणि अर्धा एका खापरात घालून पुढे केला.

"घे, अर्धा तुझा."

"आणि तुमचे कसे, आजी?"

"होईल ते होईल. मागायला आलास, तुला रिकामा कसा पाठवू?"

राजाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. चुलीतला अर्धा निखारा काळवंडू लागला होता. काखेत विजेच्या झाडाची फांदी होती, पण ती त्याच्या बाळासाठी. तो दारातून राजवाड्याकडे पाहत राहिला. मग त्याने फांदी गुडघ्यावर मोडली, अर्धी धोंडाईच्या चुलीत घातली आणि फुंकणी तोंडाला लावली. जन्मात कधी चूल फुंकलेली नाही! राख उडाली ती थेट डोळ्यांत.

"अरे हळू! घरभर राख केलीस की!" धोंडाई ओरडली.

तेवढ्यात भक्कन जाळ झाला आणि राजाच्या तोंडावर धग आली. खरी धग. राजाच्या डोळ्यांना धार लागली. धुराने म्हणा हवे तर.

उरलेली फांदी आणि खापरातला विस्तव घेऊन तो धावत सुटला. बाजेखालची शेगडी पुन्हा पेटली. बाळाची पावले हळूहळू गुलाबी झाली आणि त्याने असा टाहो फोडला की वखारीचे कुलूप आपोआप गळून पडले. राजाने दारे सताड उघडवली. पहिली गाडी धोंडाईकडे गेली. सांजेला घराघरांतून धूर निघू लागला.

मग दाराशी कुणीतरी आले. खापर घेऊन जोगीण उभी होती.

"राजा, माझी धुनी अजून विझलेलीच आहे."

राजाने सेवकाला हाक मारली नाही. चिमटा घेतला, शेगडीपुढे बसला आणि तिचे खापर निखाऱ्यांनी भरून दिले.