दुसऱ्या परीक्षकाची सात पानं

"पण मॅडम, दुसऱ्या परीक्षकाला आकृतीच कळली नसेल, तर त्यात माझा काय दोष?"

तन्मय खैरनार नाकाचा शेंडा लाल करून उभा होता. पोरगा हुशार, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक. धरणाचे दरवाजे कधी उघडायचे, कधी बंद करायचे, हे सॉफ्टवेअर लिहिण्याआधी नेमकं मांडून दाखवणारं मॉडेल त्याने चार वर्षं हाडाची काडं करून बनवलं होतं. त्यावरचा शोधनिबंध नियतकालिकाने परत पाठवला. तो छापून आल्याशिवाय पीएचडीचा प्रबंध सादर होणार नव्हता.

"पहिला परीक्षक काय म्हणतो?" त्याच्या मार्गदर्शक तेंडोलकर मॅडमनी विचारलं.

"उत्तम, छापावा. दीड ओळ."

"आणि दुसरा?"

"सात पानं. नुसता कीस पाडलाय. मी निबंध आहे तसाच दुसरीकडे पाठवतो आज. तुमची संमती हवी फक्त."

मॅडमनी सातही पानं वाचली. सावकाश... मग खडू पुढे केला.

"आकृती चार काढ. कागद न बघता."

तन्मयने झोकात सुरुवात केली. पाणी चढलं, दरवाजा उघडला... आणि हात थांबला.

निबंधातल्या आकृतीत दरवाजा बंद होण्याकडे नेणारा बाणच नव्हता. पानांची मर्यादा पाळायला शेवटच्या आठवड्यात त्याने आकृती सुटसुटीत केली होती. पुढची सगळी सिद्धता त्याच आकृतीवर उभी होती.

"धरण रिकामं होईल," तो पुटपुटला.

"कागदावरचं आहे म्हणून गावं वाचली," मॅडम हसल्या. "माझ्याही नजरेतून निसटलं रे."

"दुसऱ्या परीक्षकांनी हे... हाताने काढून बघितलं असणार."

त्याचा राग कुठल्या कुठे गेला. लाज वाटली, आणि त्या अनोळखी माणसाबद्दल मायाही.

"मला आभार मानायचेत त्यांचे. कोण आहेत ते?"

"ते कधीच कळत नाही. रीतच आहे तशी."

मॅडमनी पिशवीतून एक निबंध काढून त्याच्या हातात ठेवला. त्यावर लेखकाचं नाव नव्हतं.

"माझ्याकडे परीक्षणाला आलाय. संपादकांना विचारलंय, तू केलंस तरी चालेल. आभार मानायचेत ना? बस, वाच."

"पण मॅडम, माझे आभार त्यांच्यापर्यंत पोचणार कसे?"

"आणि ही सात पानं होऊन तुझ्यापर्यंत जे आभार पोचले, ते मुळात कुणाचे होते?"