वहिनींसाठी राखीव

“...मग हसली का नाही ती, चाचा? तेवढंच सांगा मला.”

बशीरचाचांनी मान वर केली नाही. पातेलीत ते मैद्याची खळ शिजवत होते. ऐंशी उलटली होती, पण लाकडी पळी एका लयीत फिरत होती.

“कोण?” त्यांनी विचारलं.

“शरयू. आमची मंडळी. मी मघापासून तिचंच सांगतोय.”

“मघापासून तुम्ही ढमाल्यांचं सांगताय, सर.”

डॉ. श्रीनिवास उकिडव्यांनी मांडीवरची पिशवी उराशी धरली.

चाचांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातकागद होत असे. तो धंदा केव्हाच बसला. आता दर गुरुवारी दुपारी ज्याला यायचं त्यानं त्यांच्या अंगणात यावं, शेवग्याखाली सतरंजीवर बसावं आणि कागदाची फुलं, कंदील, भेटकार्डं करायला शिकावं, एवढंच उरलं होतं. येणारे बहुतेक निवृत्त. चाचा पहिल्या दिवशी खळ शिकवत. गुठळी घाईनं होते, एवढं सांगत. पुढं फारसं बोलत नसत.

उकिडवे सरांनी चाळीस वर्षं कॉलेजात भूमिती शिकवली होती. तिच्यावर परदेशात जाऊन प्रबंध लिहिला होता. अंगणात त्यांच्याइतकी सरळ कात्री कुणाची चालत नसे. घडी घालण्याआधी ते तीनदा मोजत. घातल्यावर, चुकली तर नाही ना म्हणून, चौथ्यांदा.

ते इथं आले ते बायकोसाठी. दोन वर्षांपूर्वी शरयूताईंना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं. उजव्या हातात एका बोटापुरता जोर आला. हसणं तेवढं आलं नाही.

सरांनी एकतीस कार्डं केली. उघडलं की कमळ उमलेल असं, मोर पिसारा फुलवेल असं, एकात तर चार खांबांचं देऊळ उभं राहायचं. शरयूताई ते हातात घेत, नीट बघत आणि म्हणत, “छान.”

“काही कमी आहे का?” सर विचारत.

“काही कमी नाही हो.”

संक्रांतीला सोपान ढमाले तिळगूळ घेऊन घरी आले. एसटीतले निवृत्त कंडक्टर, चाचांकडे शिकणारे. त्यांची कात्री वाकडी चाले, खळ घडीच्या बाहेर येई. त्यांनी एक कार्ड आणलं होतं. ते उघडलं की लाल बस उभी राहायची... म्हणजे राहायला हवी होती. ती अर्ध्यावर अडली.

“वहिनी, गाडी बंद पडली,” ढमाले म्हणाले. “उतरा आणि धक्का मारा.”

शरयूताईंनी ते एक बोट लावलं. बस ताडकन उभी राहिली, दार उघडलं. आत एकच सीट, आणि तिच्यावर वाकड्या अक्षरांत लिहिलेलं: वहिनींसाठी राखीव.

शरयूताई हसल्या. आधी खुदकन, मग अंग हलवून. डोळे टिपायला पदर शोधावा लागला.

सर चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते डोळ्यांसमोर घडत होतं, आणि त्यांना आनंद झाला नाही. ते ट्रे घेऊन तसेच आत गेले आणि साखर आहे की नाही ते उगाच पाहत राहिले.

तेव्हापासून रोज चार वाजता चहाबरोबर शरयूताई म्हणत, “अहो, ती बस आणा.” आणि रोज हसत. सर स्वयंपाकघरात कप विसळत, नळ बारीक करून ऐकत. काल जास्त हसली की आज?

हे सगळं त्यांचं चाचांना सांगून झालं होतं. गुरुवार नसताना, भर दुपारी येऊन.

“पातेली खाली घ्या,” चाचा म्हणाले.

सरांनी फडक्यानं धरून ती उतरवली.

“आता पिशवीतलं दाखवा. केव्हाची उराशी धरलीय.”

सरांनी एक कार्ड काढलं. “ही मी केलेली बस.”

चाचांनी कार्ड उघडलं. बस उभी राहिली. मिटलं, उघडलं. पुन्हा उभी राहिली. दार उघडलं, आत सीट, अक्षरं छापल्यासारखी.

“कुठंही अडत नाही,” सर म्हणाले. “ढमाल्यांची घडी छपराखाली चार मिलिमीटर चुकली होती. म्हणून अडायची. मी ती सुधारली.”

“छपराखाली?”

“हो.”

“छपराखालचं तुम्हाला कसं दिसलं?”

सर शेवग्याकडं बघत राहिले. पांढरी फुलं एकेक करून सतरंजीवर पडत होती.

“वाफ दिली,” ते शेवटी म्हणाले. “रविवारी. ती झोपली होती. किटलीच्या तोंडावर धरली, खळ सुटली, भाग वेगळे केले. मोजायचं आणि परत चिकटवायचं, एवढाच विचार होता. पण कागद वाफेनं लेचापेचा झाला...”

त्यांनी वर्तमानपत्राची पुडी सोडली. आत ढमाल्यांची बस होती. छप्पर वेगळं, चाकं वेगळी, सीट वेगळी. लाल रंग पसरून अक्षरांवर आला होता.

चाचांनी सीट उचलून उजेडात धरली, आणि हळूच परत ठेवली.

“घरी काय सांगितलंत?”

“ढमाल्यांनी दुरुस्तीला नेली म्हणून सांगितलं. आज तिसरा दिवस.” सरांनी आपल्या कार्डाकडं बोट केलं. “तिच्या जागी माझी ठेवली. तिनं उघडली. तीच बस, चाचा. तेच शब्द. उलट माझ्या अक्षरांना वळण आहे...”

“काय म्हणाल्या?”

“छान.”

चाचांनी सरांची बस आणखी एकदा उघडली, मिटली.

“छान आहे,” ते म्हणाले.

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तेवढ्यात फाटक वाजलं. सरांनी पुडी पिशवीत कोंबली. तिचा कागद फाटल्याचा आवाज त्यांनाच मोठा वाटला.

“काय सर, आज बुधवारीच?” ढमाले आत येत म्हणाले. “जादा गाडी सोडलीय का चाचांनी?”

“असंच आलो.”

“चाचा, हा पतंगी कागद. उद्यासाठी. बसत नाही, तिकडंच निघालोय.” ढमाले सरांकडं वळले. “म्हणजे तुमच्याच घरी. चार वाजता वहिनींकडं. म्हटलं, आपली गाडी चालू आहे की डेपोत लागली, बघून यावं.”

सरांनी पिशवी पाठीमागं सरकवली.

“आज नको,” ते म्हणाले. “आज तिला जरा बरं नाही.”

“मग तर आलंच पाहिजे.”

ढमाल्यांची नजर सतरंजीवरच्या कार्डावर गेली. “ही कुणाची? तुमची?” त्यांनी उघडलं. क्षणभर बघितलं. मिटून परत उघडलं.

“अहो सर, ही तर शिवनेरी झाली. आमचा लाल डबा कुठं आणि ही कुठं. माझी कात्री सात जन्मांत अशी चालायची नाही.”

सर त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधत होते. तो सापडेना. त्यानं जास्तच आग झाली.

“तुम्ही बरे घरोघरी कार्डं वाटत फिरता,” सर म्हणाले. आवाज हवा होता त्याहून तिखट निघाला. “स्वतःच्या घरात ठेवायला जागा नाही वाटतं.”

“जागा ढीग आहे, सर. उघडायला कुणी नाही.”

ढमाले हे सहज म्हणाले, वेळ सांगावी तसं. मग चपला सरकवल्या. “जरा रामाच्या देवळात टेकतो आणि येतोच. वहिनींना सांगा, माझ्या चहात साखर कमी.”

फाटक लागलं.

खळीवर एक फूल पडलं. चाचांनी ते चिमटीनं उचललं.

“तुम्ही ऐकलंत,” सर म्हणाले. “तो चारला येतोय. ती त्याला विचारणार, बस दुरुस्त झाली का. तो म्हणणार, कुठली दुरुस्ती...”

“हं.”

“चाचा, तुमच्या हाताला काही अवघड नाही. एवढी जोडून द्या. होती तशी. अडायची तशी अडू दे. मी त्याच्या आधी पोचतो, खिडकीत ठेवतो, आणि तो बाहेर दिसला की दारातच गाठून गप्प राहायला सांगतो. तेवढं तो ऐकेल.”

चाचांनी हात पुढं केला. सरांनी पुडी दिली. चाचांनी सगळे भाग सतरंजीवर मांडले, बोटावर खळ घेतली.

मग थांबले.

“तुमच्याकडं सगळी मापं आहेत, सर. तुम्ही का नाही जोडलीत?”

“ही जोडली नाही. हिला हात लावायची हिंमत होईना.” सर घुटमळले. “नव्या कागदाच्या केल्या. पाच.”

“मग?”

“चार मिलिमीटर मोजून चुकवले. पहिली, बोट लावायच्या आधीच उभी राहिली. दुसरी उठेचना. तिसरीला बोट लावलं तर फाटली. बाकीच्या दोन...” त्यांनी हात झटकला. “नाही जमलं.”

“चूक मोजून केलीत?”

“दुसरी कशी करतात?”

चाचा हसले. दात नव्हते, त्यामुळं हसणं सगळ्या चेहऱ्यावर पसरलं.

“हसू नका, चाचा.”

“वहिनींना सांगितलंत हे?”

“कोणतं?”

“तुम्ही पाच वेळा चुकायला बसलात, आणि चूक साधली नाही.”

“हे काय सांगण्यासारखं आहे?” सर म्हणाले.

चाचांनी बोटावरची खळ पातेलीच्या काठाला पुसली. सुटे भाग पुडीत ठेवले, घडी घातली. मग एका काचेच्या बरणीत गरम खळ भरली, झाकण लावलं, आणि पुडी आणि बरणी दोन्ही सरांच्या मांडीवर ठेवली.

“हे काय? तुम्ही जोडणार होतात.”

“एकट्याचं काम नाही हे. वाफेनं लेचापेचा झालेला कागद आहे. एकानं छप्पर धरायचं, एकानं घडीवर बोट ठेवायचं, एकानं खळ लावायची. तुमच्या घरी चारला तिघं आहात.”

“तिच्यासमोर सोडू ही पुडी? ढमाल्यांच्या देखत?”

चाचा पातेलीच्या कडेची खळ पळीनं खरवडू लागले.

“आधी विचारतील, मोडली कुणी.”

“विचारतील.”

“मग?... मी मोडली म्हणू?”

चाचांनी पळी पाण्यात बुडवली.

“आणि का मोडली म्हणाले तर?” सरांचा आवाज चढत गेला. “काय सांगू? चाळीस वर्षं भूमिती शिकवलेला माणूस कंडक्टरच्या कागदाच्या बसवर जळला म्हणून? बायको दुपारची झोपलीय बघून किटली लावून बसला, त्या बसची चाकं काढायला? बायको हसायला लागली की हा आत जाऊन नळ बारीक करायचा, किती हसते ते ऐकायला? पंच्याहत्तरी गाठली मी, चाचा...”

ते एकदम थांबले. बरणीची ऊब धोतरातून मांडीला लागत होती. ती बाजूला ठेवावी हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

“सांगायला हरकत नाही,” ते हळू म्हणाले. “पण मी शरयूला ओळखतो. आधी ती माझ्याकडं टक लावून बघेल. मग ढमाल्यांकडं बघेल. तो तोंडावर हात धरेल. आणि मग... ती हसेल, चाचा. मला हसेल. किटलीचं आठवून पुन्हा हसेल. रात्री जेवतानासुद्धा मध्येच हसू फुटेल तिला. थांबता थांबणार नाही.”

बशीरचाचांनी पळी झटकली आणि उन्हात ठेवली.

“मग अजून इथं काय करताय, सर?”