गुणाऊ आणि दाढीवालं फूल

या, सरका जवळ. पाय पांघरुणात घ्या. मध्ये कुणी चुळबूळ करायची नाही हं.

एका उंच गडावर एक राजा राज्य करत होता. त्याला एकच लेक. नाव गुणाऊ. नाव गुणाऊ, पण भारी हट्टी बरं का! एकदा मनात घेतलं की घेतलं.

त्या गडाला रंगांची मोठी हौस. घरांच्या भिंती निळ्या, बायकांची लुगडी हिरवी-जांभळी, राजाचा फेटा केशरी. राजवाड्यामागं एक बाग होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथं नुसतं ऊनच ऊन. झेंडू, जास्वंद, शेवंती, काय वाट्टेल ते फुलायचं.

मग काय झालं, पाऊस सरता सरता डोंगरापलीकडून एक राक्षस आला. भुरंगा त्याचं नाव. अंगानं चुलीतल्या राखेसारखा, आणि जीभ दोरखंडाएवढी लांब. तो माणसं खायचा नाही. गुरं खायचा नाही. त्याला लागायचे रंग! आला तो चाटतच सुटला. लुगडी चाटली, हिरवा गेला. हळदीचं पोतं चाटलं, पिवळा गेला. वर तोंड करून आभाळाला जीभ लावली, निळा गेला. मग शिरला बागेत आणि एकेक फूल चाटून भुरकं करून टाकलं. कोपऱ्यात एक गड्डा होता, आल्यासारखा वाकडातिकडा. हावरटानं तोही उपटून तोंडात टाकला.

"थू! कडू!" म्हणाला आणि थुंकला.

जाताना बुरुजावर उभा राहून ओरडला, "आता पोट भरलं. झाडाला कैऱ्या लागल्या की परत येईन. तुमच्या डोळ्यांतलं काळं तेवढं राहिलंय. तेही खाईन!"

डोळ्यांतलं काळं म्हणजे बाहुली. ती गेली तर दिसणार कसं? अख्खा गड आंधळा होणार की रे!

लोक हबकून गेले. केळं पिकलंय की कच्चं, कळेना. नवरीच्या कपाळावरचं कुंकू राखेसारखं दिसायला लागलं. गडावर कुणी गाणं म्हणेना.

गुणाऊ मात्र रडत बसली नाही. ती बागेत गेली. उन्हात तो थुंकलेला गड्डा पडला होता. तिनं उचलला. आणि गड्डा चक्क बोलला!

"हळू गं पोरी. त्या राक्षसानं चावून चावून कंबर मोडलीय माझी."

गुणाऊ दचकली. "कोण तुम्ही?"

"मी दाढीवाल्या फुलाचा गड्डा." आता तुम्ही लोक त्या फुलाला आयरिस म्हणता, पण तेव्हा दाढीवालं फूलच म्हणायचे. "माझ्या पोटात सगळे रंग आहेत. त्या मेल्याला ते दिसलेच नाहीत. मला लाव."

"कसं लावू, आजोबा?"

पण तेवढ्यात ढग आला, ऊन गेलं, आणि गड्डा गप्प. तो फक्त अंगावर ऊन असलं तरच बोलायचा, बरं का.

मग गुणाऊनं काय केलं? तिला वाटलं, राक्षसाला सापडायला नको. तिनं गुडघाभर खड्डा खणला आणि आजोबांना तळाशी ठेवून वर माती लोटली. वाट पाहिली. कोंब नाही, पान नाही. शेवटी तिनं उकरून काढलं, तर एक बाजू कुजून लिबलिबीत झालेली. वास तर असा की नाक धरावं! गुणाऊच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिनं चाकूनं कुजका भाग कापला, उरलेला गड्डा उन्हात वाळवला. वाळला तसा तो बोलला.

"अगं, पुरलंस काय मला? पाय मातीत ठेव, पाठ उन्हात. म्हैस कशी डोहात बसते पाठ वर काढून? तसं मला बसव."

पुन्हा ढग. पुन्हा गप्प.

गुणाऊनं गड्डा पाठ वर ठेवून लावला आणि आईला सांगितलं. राणी भोळी. ती म्हणाली, "म्हैस म्हणाले ना? मग पाणीच पाहिजे असणार!" आणि मायेनं घागरीवर घागरी ओतल्या. वरून दूध घातलं. गड्डा पुन्हा सडला. गुणाऊनं पुन्हा कापला, पुन्हा वाळवला. आता उरला होता सुपारीएवढा तुकडा.

"म्हशीसारखा बसव म्हणालो," तुकडा कसाबसा बोलला, "बुडव म्हणालो नाही! उंच वाफा कर. मातीत वाळू घाल, म्हणजे पाणी साचणार नाही. घोटभर पाणी दे. आणि ऊन. ऊन अडवू नको. आता एवढाच उरलोय बघ."

गुणाऊनं स्वतःच्या हातानं वाफा केला. ओंजळीनं वाळू मिसळली. सुपारीएवढे आजोबा वरच बसवले, पाठ उघडी ठेवून. आणि एके दिवशी कोवळं पान वर आलं! राखाडीच, पण पान.

राजाला केवढा आनंद! त्यानं हुकूम सोडला, "मांडव घाला! माझ्या लेकीच्या झाडाला ऊन-वारा लागायला नको." चौफेर पहारेकरी उभे केले, वर जाड कापडाचा मांडव घातला. झालं! दोन दिवसांत पानानं मान टाकली.

गुणाऊ राजाकडे गेली. "आबासाहेब, मांडव काढा."

"वेड लागलंय का तुला? गडाची तेवढीच एक आशा आहे. उन्हानं करपली तर?"

"सावलीनं मरतेय ती! माझं ऐका."

"आमचा हुकूम झालाय, गुणाऊ. मांडव राहील."

मग काय करायचं? गुणाऊनं ओचा खोचला आणि सरळ खांबावर चढली. पहारेकरी बघतच राहिले. तिनं सुरीनं दोर कापायला सुरुवात केली. एक दोर, दुसरा दोर, तिसरा दोर, आणि धप्पकन मांडव खाली! पहारेकरी कापडाखाली, नुसती मुंडकी हलतायत! झाडावर पडू नये म्हणून ते कापड गुणाऊनं दातओठ खाऊन बाजूला ओढलं. तिचे हात सोलवटले. राजा लालबुंद होऊन धावत आला. लाल कुठला म्हणा, तेव्हा लाल नव्हताच! तो ओरडणार, तेवढ्यात वाफ्यावर ऊन पडलं आणि खालून आवाज आला.

"आहाहा! जगलो गं बाई."

राजानं ते कानानं ऐकलं. तो मटकन खाली बसला. मग हळूच म्हणाला, "चुकलो पोरी. आता बागेत तुझाच हुकूम."

मग काय विचारता! पानं तलवारीच्या पात्यांसारखी ताठ झाली आणि पंख्यासारखी पसरली. थंडी आली, गेली. मग मधून दांडा निघाला. गुणाऊच्या कमरेला लागला. खांद्याला लागला. मग डोक्याच्याही वर गेला. वाऱ्यानं मोडू नये म्हणून तिनं शेजारी बांबू रोवला आणि मऊ चिंधीनं दांडा बांधला. दांड्यावर तीन कळ्या आल्या. खाली आंब्याच्या झाडाला कैऱ्याही लागल्या.

आणि एका सकाळी पहिली कळी उमलली. काय सांगू! वरच्या पाकळ्या फेट्यासारख्या उभ्या, जांभळ्या. खालच्या पाकळ्या शेल्यासारख्या लोंबत्या, निळ्या. आणि त्यावर मधोमध पिवळीधमक मऊ दाढी! किती दिवसांनी गडानं रंग पाहिला. म्हातारे रडले, पोरं नाचली. बघता बघता दुसरी फुलली, तिसरी फुलली. गुणाऊनं वास घ्यायला नाक आत घातलं, तर ती दाढी नाकात गेली आणि तिला शिंक आली. आऽऽक्छी! गुणाऊ जरा थांबली. पुन्हा एकदा त्या दाढीकडे बघितलं आणि गालात हसली.

तेवढ्यात जमीन हादरली. भुरंगा आला! लोक घरात पळाले, दारं लावली. बागेत एकटी गुणाऊ, आणि तिच्यामागं राजा काठी घेऊन.

"चल, डोळे उघड!" भुरंगा गरजला.

पण गुणाऊ जागची हलली नाही. म्हणाली, "डोळे काय, इथंच आहेत. हे फूल मात्र उद्या कोमेजेल. आधी हे खा. एवढे रंग तू एका जागी चाखले नसशील."

भुरंगानं फूल पाहिलं आणि त्याच्या जिभेला पाणी सुटलं. त्यानं पहिलं फूल गिळलं. दाढी घशात गुदगुल्या करायला लागली. त्याचं नाक वर झालं. आऽऽक्छी! आणि बाहेर उडाला पिवळा! भुर्रकन हळदीत गेला, झेंडूत गेला, उन्हात गेला. भुरंगा घराएवढा होता, तो बैलाएवढा झाला.

हावरटाला कळलं का? नाही! "आणखी!" म्हणाला. दुसरं फूल गिळलं. आऽऽक्छी! लाल, हिरवा, केशरी बाहेर. कपाळांवरची कुंकवं लखलखली, झाडं हिरवीगार झाली, राजाचा फेटा पेटल्यासारखा दिसायला लागला. भुरंगा झाला बोकडाएवढा.

आता मात्र तो पळायला बघत होता. पण जिभेची सवय जाते होय? तिसरं फूल त्यानं उडी मारून ओढलंच. आऽऽऽक्छी! अशी शिंक की गडाच्या घंटा आपोआप वाजल्या. निळा निघाला आणि आभाळभर पसरला, जांभळा निघाला आणि डोंगरांवर बसला. आणि भुरंगा? सावरीच्या कापसाची म्हातारी उडते ना, तेवढा उरला. गुणाऊनं नुसती फुंकर मारली. फूऽऽ! गेला उडत डोंगरापलीकडे, तो कायमचाच.

धाडधाड दारं उघडली. नगारे वाजले. राजानं गुणाऊला हत्तीवर बसवलं आणि स्वतः पुढं चालत ओरडला, "अरे, बघा माझी लेक!" राणीनं ओवाळलं, पण तिला रडूच आवरेना.

त्या सुपारीएवढ्या आजोबांना पुढं भरपूर पिल्लं झाली. गुणाऊ दर काही वर्षांनी ती खणायची, वेगळी करायची आणि ज्याच्या अंगणात ऊन असेल त्याला द्यायची. पुढं ती त्या गडाची राणी झाली आणि सगळी माणसं आनंदात राहिली.

झाली गोष्ट. ए धाकटे, जांभया देतेस आणि आणखी सांग म्हणतेस? उशी सरळ करा, गप्प पडा. दिवा मालवते मी.